लाभ, दोन, तीन

मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाला भेटायला येणारी मंडळी दारातच आवाज खाली आणतात आणि विचारतात, ‘आता श्वास कसा आहे?’ श्वास म्हणजे जणू गावाहून आलेला कुणी मानी पाहुणा. आतल्या खोलीत जरा डोळा लागलाय आणि आपण मोठ्याने बोललो तर रुसून रात्रीच्याच गाडीने परत जायचा. २०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, वाकोल्यातल्या आमच्या घरी माझा श्वास असा मानाने राहत होता. त्याची विचारपूस दिवसातून अनेकदा व्हायची. बोटाला चिमटा लावून रक्तातल्या प्राणवायूचा आकडा बघायचा, तो आकडा नातेवाइकांना फोनवर कळवायचा, मग नातेवाईक आपापले आकडे सांगायचे. माझ्या आईला हा चिमटा फार आवडे. माझं झालं की ती आपलं बोट पुढे करी. ब्याऐंशी वर्षांची बाई, आकडा कायम अठ्ठ्याण्णव. तो बघून ती माझ्याकडे अशी नजर टाकी की, एवढं शिकवलं सवरलं आणि हे काय?

त्या दिवसांत मुंबईत माणसं एकमेकांना ‘स्कोअर’ विचारत. फुप्फुसांचे पाच खंड, सीटी स्कॅन वाचणारा डॉक्टर प्रत्येक खंडाला पाचपैकी गुण देणार, बेरीज पंचवीसपैकी. जितके गुण जास्त तितका आजार मोठा. आमच्या घरापासून मुंबई विद्यापीठाचं कलिना संकुल जवळ; निकाल, फेरतपासणी, गुणपत्रिका या शब्दांची या भागाच्या हवेलाच सवय आहे. तरीही जास्त गुण मिळाले म्हणून घरात रडारड झालेली मी तेव्हाच पाहिली. शेजारच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ मात्र बरे झाल्यावर आपला स्कोअर थोड्या अभिमानानेच सांगत. आकडा मोठा होता, आणि ते उभे होते. त्यांना तेवढं सांगण्याचा हक्क होता असं मला वाटतं.

रुग्णालयातल्या दिवसांविषयी मी फार लिहिणार नाही. ते सगळ्यांच्या घरी होऊन गेलं आहे, काही घरी तर फार वाईट रीतीने. पालथं झोपायचं, छताऐवजी उशीचा अभ्रा बघायचा, आणि प्राणवायूच्या नळीतून येणारा अखंड बारीक आवाज ऐकत राहायचं. त्यातून घरी सोडलं तेव्हा आमच्या इमारतीच्या लिफ्ट नसलेल्या जिन्यासमोर माझी मिरवणूक थांबली. बिल्डिंगमधल्या दोन मुलांनी मला एका पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि उचललं. दहीहंडीच्या थरांतली मुलं ती. ओझ्याचा तोल त्यांना कळतो. ‘काका, तुमचं वजनच नाही राहिलं,’ त्यातला एक जिन्याच्या वळणावर म्हणाला. कौतुकाचा सूर होता. उचलणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ते कौतुकाचंच होतं. पूर्ण तिसऱ्या मजल्यापर्यंत मी कठडा, भिंतीवरचे पोपडे, पहिल्या मजल्यावरच्या दाराला लावलेलं सुकलेलं तोरण अशा गोष्टी बघत गेलो. वर्षानुवर्षं हा जिना मी चढलो, पण बसून कधी पाहिला नव्हता.

ती खुर्ची मग आमच्याकडेच राहिली. कुणी मागायला आलं नाही. पुढे ती माझी व्यायामशाळा झाली.

फिजिओथेरपिस्ट मुलगी फोनच्या पडद्यावर यायची. वयाने माझ्या पुतणीएवढी, मागे पुस्तकांचं कपाट, पंखा जोरात. पहिल्याच दिवशी मी तिला माझ्या श्वासाची सविस्तर हकीगत सांगायला बसलो. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं ते यंत्र मी कसं ओढतो, पहिला चेंडू लगेच वर जातो, दुसरा आढेवेढे घेतो, तिसरा अजून जागचा हललेला नाही, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘छान. काका, आता खुर्चीतून उठून दाखवा. हात न टेकता.’

मी खुर्चीत बसलो होतो, हात छातीवर बांधलेले होते, पाय जमिनीवर होते; उठण्यासाठी लागणारी सगळी सामग्री हजर होती. मी उठायचं ठरवलं. मनातून ती आज्ञा निघाली, पोटापर्यंत पोचलीही असावी, पण पुढे कुणी ती घेतली नाही. कार्यालयीन भाषेत म्हणतात तसं, संबंधितांकडून उत्तर प्राप्त झालं नाही. मी पुढे झुकलो, परत मागे आलो, पुन्हा झुकलो. पडद्यावरची मुलगी वाट बघत होती. दाराशी बायको उभी होती, तिने पदर तोंडाशी नेला. शेवटी मी हात टेकले आणि उभा राहिलो, आणि उभं राहिल्यावर असा धापा टाकू लागलो की तिसऱ्या चेंडूने ते ओढणं ऐकलं असतं तर तो आपण होऊन वर गेला असता.

‘बघा,’ ती म्हणाली, ‘तुम्ही छातीचं सांगत होता. मला तुमच्या मांड्यांची काळजी आहे.’

पन्नाशी उलटलेल्या माणसाला त्याच्या मांड्यांविषयी आजवर कुणी गांभीर्याने काही विचारलेलं नसतं. हृदयावर कविता होतात, डोळ्यांवर होतात, गुडघ्यांवर निदान तक्रारी होतात. मांडी ही मांडी घालून बसायची जागा, एवढीच तिची कीर्ती. तिने मला समजावून सांगितलं ते असं. माणूस अंथरुणाला खिळला की स्नायू फार वेगाने झिजतात, आणि अतिदक्षता विभागात तर विलक्षण वेगाने. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लंडनमधल्या अतिदक्षता विभागांतल्या ६३ रुग्णांच्या मांडीचा पुढचा स्नायू सोनोग्राफीने ठरावीक दिवसांनी मोजत गेले, तेव्हा दहा दिवसांत त्याचा आकार जवळजवळ १८ टक्क्यांनी घटलेला आढळला. त्यात आमच्यासारख्यांना दिलेली स्टेरॉइडं. ती फुप्फुसांतली आग विझवतात, पण जाताना मांड्या आणि खांद्यांतून आपला मेहनताना कापून घेतात. आणि मग असं होतं, की दुबळा स्नायू तेवढंच काम करायला जास्त धडपडतो, प्राणवायू नीट वापरत नाही, लवकर आंबतो, रक्तात आम्ल आणि कर्बवायू सोडतो; आणि हे सगळं निस्तरायला बोलावणं जातं ते बिचाऱ्या छातीला. म्हणजे दम छातीत लागत होता, पण त्याची बिलं मांडी फाडत होती. फुप्फुसांची डागडुजी त्यांच्या सवडीने होणार, तिथे आपण फार काही करू शकत नाही. पण मांडी बळकट केली तर त्याच फुप्फुसांवर माणूस जास्त चालतो. मला हा हिशेब एकदम पटला. बँकेत आयुष्य गेलं आहे. उत्पन्न वाढत नसेल तर खर्चाकडे बघायचं, हे आम्ही कर्जदारांना सांगतच आलो.

पटला, तरी लाज वाटायची राहिली नाही. कारण माझे वडील. ते लालबागच्या चाळीत राहत तेव्हा पहाटे गॅलरीत जोर-बैठका काढत. जोर काढताना मला पाठीवर बसवत. ओझं म्हणून की मी रडू नये म्हणून, ते ठाऊक नाही. मला एवढंच आठवतं की त्या पाठीवर घाम सुटल्यावर मी घसरायचो आणि त्यांच्या गंजीफ्रॉकचे पट्टे लगामासारखे धरायचो. समोर मारुतीची तसबीर. बैठका ते मोजत नसत. गिरणीचा भोंगा होईपर्यंत काढत. त्यांची बैठक जमिनीपासून सुरू व्हायची, माझी खुर्चीत संपत होती. आणि हे काही आमच्या एका घराचं नाही. बळ म्हटलं की मराठी माणसासमोर जे उभं राहतं ते भव्यच असतं. समर्थांनी गावोगाव मारुती बसवले. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालून घेतले. अमरावतीत १९१४ साली हनुमान आखाडा सुरू झाला, त्यातून पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा एवढा मोठा पसारा झाला. बडोद्याहून दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी तर व्यायामाचा ज्ञानकोश काढला, दहा खंडांचा. दहा खंड! कुस्ती, मल्लखांब, लाठी, मुद्गल. या परंपरेत ‘खुर्चीतून उठणे’ हा व्यायामप्रकार कोणत्या खंडात घातला असता? परिशिष्टात तरी?

दुपारी पडल्यापडल्या मला लक्ष्मणाची फार आठवण यायची. शक्ती लागून तो मूर्च्छित पडतो, मारुती रातोरात द्रोणागिरी उचलून आणतो, औषधी देतात, आणि लक्ष्मण झोपेतून उठल्यासारखा उठतो आणि लढायला लागतो. सगळं कीर्तन डोंगर उचलणाऱ्याचं. खाली पडलेल्याने उठल्यावर काय केलं, त्याचे पाय लटपटले का, दोन दिवस कुणी त्याचा दंड धरून त्याला छावणीभोवती फिरवलं का, सुषेण वैद्याने त्याला ‘आज पाच पावलं, उद्या सात’ असं काही सांगितलं का, याविषयी पुराण गप्प आहे. संजीवनी द्यायची आणि सुट्टी. माझी खात्री आहे की मारुतीला हे ठाऊक असणार, आणि धनुष्य हातात देण्याआधी त्याने एकदा तरी लक्ष्मणाला म्हटलं असणार, ‘आधी हात न टेकता उठून दाखवा.’

आजारी माणसाला उठवायचं, ही कल्पना वैद्यकातही उशिरा आणि वाकड्या वाटेने आली. क्षयाच्या रोग्याला एके काळी पडून राहण्याचंच औषध होतं. आपल्याकडे पाचगणीला, मिरजेला पाठवत. हवा खायची, दूध प्यायचं, व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत दऱ्याखोऱ्या बघत पडायचं. इंग्लंडमध्ये फ्रिमली इथे ब्रॉम्प्टन रुग्णालयाचं एक आरोग्यधाम १९०५ साली उघडलं. तिथल्या मार्कस पॅटरसन नावाच्या डॉक्टरला वाटलं, ही माणसं बरी होऊन घरी जातात आणि कामावर उभीच राहू शकत नाहीत, मग बरं होऊन काय मिळवलं? त्याने रोग्यांना आधी चालायला लावलं, मग मातीची टोपली उचलायला दिली, मग लहान फावडं, मग मोठं फावडं, आणि सगळ्यात वरच्या इयत्तेला कुदळ. श्रमाने रोग्याच्या शरीरात आपोआपच एक लस तयार होते, असं त्याचं म्हणणं. ते शास्त्र पुढे टिकलं नाही. टोपली मात्र टिकली. पोस्टमन, कारकून, शिंपी अशी माणसं खोकत खोकत टोपलीवरून फावड्याकडे बढती मिळवताहेत आणि संध्याकाळी एकमेकांना ‘तुम्ही कुठपर्यंत?’ विचारताहेत, हे चित्र मला फार जवळचं वाटतं. मी तेव्हा टोपलीच्याही अलीकडे होतो.

आणि आमच्या घरात टोपलीला हात लावायची सोय नव्हती. आमच्याकडे माया करण्याची एकच रीत आहे, ती म्हणजे समोरच्याला उठू न देणे. पाण्याचा तांब्या माझ्यापासून हाताच्या अंतरावर असला तरी तो घ्यायला मी हात लांबवला की तीन दिशांनी तीन माणसं धावत. ‘अहो, मला सांगायचं!’ ही म्हणे. ‘बाबा, तुम्ही थांबा,’ मुलगा म्हणे. आई मूळची कुडाळकडची. साठ वर्षं मुंबईत काढूनही काळजी मालवणीतच करते. ती म्हणे, ‘झिला, गप पडान रव.’ स्वतः ही बाई आयुष्यात कधी दुपारी आडवी झालेली नाही. जमिनीवर बसून विळीवर नारळ खवणणार, आणि हातात परात घेऊन तशीच ताडकन उठणार. त्या उठण्याकडे मी आता एखाद्या शागिर्दासारखा बघू लागलो होतो. पण दुसऱ्याने पडूनच राहावं, त्यातच त्याचं भलं आहे, असा तिचा सिद्धांत.

शेजारपाजार तिच्याच बाजूने. वाकोला ही तशी सरमिसळ वस्ती. गावठाणातले ईस्ट इंडियन, मशिदीच्या अंगाचे मुसलमान शेजारी, आमच्यासारखे चाकरमानी कोकणी, सगळे एकाच नाल्याच्या पाण्याला दरवर्षी घाबरणारे. पावसाने, आजाराने इथे जातपात उरत नाही, डबे सुरू होतात. कुणाकडून पायाचं सूप आलं, कुणाकडून खेकड्याचा रस. आमच्या सासूबाईंनी डोंबिवलीहून अळिवाचे लाडू पाठवले. ते बाळंतिणीला देतात. मी काही बोललो नाही, खाल्ले. फिजिओ मुलीला सांगितलं तेव्हा ती हसू दाबत म्हणाली, चालेल, पण अंडी, डाळ, मासे वाढवा, स्नायू त्यांनीच भरतो. आणि प्रत्येक डब्यासोबत एकच निरोप असायचा. आराम करा. घाई करू नका. पडून राहा. एवढ्या लोकांची एवढी माया, आणि तिच्याविरुद्ध एकटी ती मुलगी, पडद्यावर, पंख्याच्या वाऱ्यात केस सावरत म्हणत होती, ‘काका, उठा.’

तर असा मी उठू लागलो. खुर्ची भिंतीला टेकवायची, खाली उशी घालून ती उंच करायची, म्हणजे उठणं सोपं. उठताना श्वास सोडायचा, ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतो तसा. जमलं की उशी काढायची. या व्यायामात प्रगती म्हणजे उशी काढणे. हातांसाठी वजन म्हणून पाण्याची एक लिटरची बाटली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलेलं पहिल्यांदा कामी आलं. दुसऱ्या हातात बाटली बसेना, म्हणून हिने तूरडाळीची एक किलोची पिशवी दिली. ही व्यवस्था काही दिवस उत्तम चालली. पण डाळ ही घरातली वस्तू, तिच्यावर पहिला हक्क स्वयंपाकघराचा. रोज सकाळी पिशवी माझ्या हातात, दुपारी तिच्यातली वाटीभर कुकरमध्ये. माझा डावा हात दिवसेंदिवस बळकट होतोय, असं मला वाटू लागलं. मी ते आनंदाने जाहीरही केलं. मग एक दिवस वरण जरा पातळ झालं आणि कारण विचारता कळलं की डाळ संपत आली आहे. पिशवी उचलून बघितली. इतक्या सहजी हलकं झालेलं मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

मग रबरी पट्टे आले. त्यांचे रंग ठरलेले असतात. पिवळा अगदी मऊ, मग लाल, मग हिरवा, निळा, काळा. मी अर्थातच पिवळ्यात. खिडकीच्या गजाला बांधून ओढायचा. पिवळ्यातून लालमध्ये गेलो त्या दिवशी मी बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन करून सांगितलं. त्याने अभिनंदन केलं आणि थोडा वेळ थांबून विचारलं, ‘कराटे का रे?’

सगळ्यात अवघड होतं ते गुण देणं. व्यायाम झाला की ती विचारायची, ‘दहापैकी किती दम लागला?’ ही पट्टी गुन्नार बोर्ग नावाच्या एका स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची. त्याची मूळ मोजपट्टी सहापासून वीसपर्यंत होती. जो आकडा सांगाल त्याला दहाने गुणलं की साधारण नाडीचे ठोके यावेत, असा बेत. पुढे शून्य ते दहा अशी सुटसुटीत पट्टी झाली, आणि तिच्यात त्या सहृदय माणसाने शून्य आणि एकच्या मधे अर्ध्या गुणाचीही सोय ठेवली, ‘अगदी अगदी किंचित’ अशा दमासाठी. अर्ध्या गुणाचं मोल कलिन्याच्या शेजारी राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पण मराठी माणसाला ‘कसं वाटतंय’ असं विचारलं की तो ‘ठीक आहे’ म्हणतो. ताप असो, मुलीचं लग्न असो, पगारवाढ असो, ठीक आहे. हे ठीक आहे दहापैकी किती? मी कधी चार म्हणायचो, कधी चार सांगायला संकोच वाटून तीन. शेवटी ती म्हणाली, ‘काका, गुण राहू द्या. मला तुमचा पत्ता सांगा.’ व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, गाता नाही आलं तरी चालेल, हे त्यामागचं तत्त्व. त्यानंतर खुर्चीतून उठताबसता मी माझा पत्ता म्हणू लागलो. सुरुवातीला ‘वाकोला’पर्यंतही धड पोचत नसे. मग सांताक्रूझ आलं, मग पूर्व आलं. सांताक्रूझ आणि पूर्व यांच्यामध्ये मी बरेच दिवस मुक्काम केला. एका सकाळी एका दमात मुंबई ओलांडून ‘चारशे शून्य पंचावन्न’पर्यंत गेलो तेव्हा पडद्यावरच्या मुलीने दोन्ही हात वर केले. खालच्या मजल्यावरच्या बाईंना मात्र काही दिवस वाटत होतं की मी फोनवरून काहीतरी मागवतोय आणि ते काही केल्या येत नाहीये.

टाचा उचलायचा व्यायाम खिडकीशी करायचा. गज धरून टाचांवरून चवड्यांवर जायचं आणि तिथे थांबायचं. किती थांबायचं, तर आमच्याकडे त्याला घड्याळ लागत नाही. विमानतळ इतका जवळ की वाकोल्यात माणसं विमान आलं की वाक्य अर्धं सोडतात, विमान गेलं की तिथूनच पुढे सुरू करतात. बाहेरच्या माणसाला आम्ही विसरभोळे वाटतो. मी ठरवलं, एका विमानाचा आवाज पूर्ण विरेपर्यंत टाचा वर. आदल्या वर्षी, २०२० च्या मार्चअखेर विमानं बंद झाली तेव्हा दोन महिने आकाश इतकं रिकामं होतं की आईला रात्री झोप लागेना. २०२१ च्या त्या मे महिन्यातही ती तुरळकच होती. त्यामुळे दोन वेळांच्या मधे मला विश्रांती भरपूर मिळे. कधी कधी तर मी तयार होऊन, गज धरून, आभाळाकडे तोंड करून उभा, आणि विमानच नाही. ही म्हणायची, ‘अहो, कुणी यायचंय का?’

या साऱ्याकडे आई काही दिवस बाहेरच्या खोलीतून संशयाने बघत होती. पोराला उठबशा काढायला लावतात, त्याने काय केलं म्हणून, एवढाच अर्थ तिला लागत होता. मग एक दिवस ती माझ्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन येऊन बसली आणि म्हणाली, मी मोजते. आईचं मोजणं भाताच्या खळ्यावरचं. तिथे मापाने भात मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. मी उठलो, आई म्हणाली, ‘लाभ’. बसलो, उठलो, ‘दोन’. तिच्या सुरात एक संथ हेल होता, मापाच्या कडेवरून हात फिरवून वरचा भात खाली सारावा इतका वेळ ती प्रत्येक आकड्याला देई. दहा वेळा उठायचं, असं ठरलेलं. पहिल्या दिवशी दहा फार लवकर आले. मला माझ्या ताकदीचं नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी मी नीट कान दिला. ‘लाभ, दोन, तीन, चार, सहा’. मी थांबून तिच्याकडे बघितलं. तिने नजर खिडकीबाहेर ठेवली होती. ‘सात,’ ती म्हणाली, मी उठलोही नव्हतो.

भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी जिन्यावरून वाद घालणारी ही बाई. किराण्याच्या वहीत दुकानदाराने एक ओळ दोनदा लिहिली तर महिनाभर लक्षात ठेवणारी. तिचा पाच कधी चुकत नाही. मी काही बोललो नाही. उशिरा, ती देवापाशी बसली असताना, राहिलेले दोन मी स्वयंपाकघराच्या ओट्याला पाठ लावून गुपचूप काढले. असं बरेच दिवस चाललं. ती मायेने चोरायची, मी ओट्यापाशी भरून काढायचो. फिजिओ मुलीने आठवड्याअखेरीस विचारलं, ‘किती झाले?’ तर आई माझ्या आधी मागून ओरडली, ‘दहा!’ आणि मुलीने ते टिपून घेतलं.

पुढे पाऊस आला, गेला. जूनमध्ये मी मजल्यावरच्या मजल्यावर चालत होतो, जुलैत जिना, आधी उतरणं. उतरणं सोपं असेल असा माझा समज होता. मांडीला तेही कष्टाचं असतं, फक्त तिथे श्वास मधे पडत नाही म्हणून कळत नाही. १५ ऑगस्टपासून दोन डोस झालेल्यांना लोकलमध्ये सोडू लागले. लोकांनी मोबाइलमधली प्रमाणपत्रं तयार ठेवली. माझं प्रमाणपत्र व्हायला अवकाश होता, आजारामुळे लशीचं वेळापत्रक पुढे गेलेलं. तरी मी एका सकाळी वाकोला पुलाखालून, नेहरू रोडने, सांताक्रूझ स्टेशनपर्यंत चालत गेलो. स्टेशनवरचा पूल चढायचा नव्हता, नुसता बघायचा होता. त्या पायऱ्या मी तरुणपणी एका आड एक चढलो आहे, पलीकडची गाडी सुटताना. खाली कठड्याशी उभा राहून मी माणसं बघत राहिलो. एवढ्या महिन्यांनी गाडी पकडायला निघालेली माणसं. त्यातली बरीच मधल्या सपाट जागेवर थांबून, मास्क किंचित खाली ओढून, श्वास घेत होती आणि मोबाइल बघत असल्यासारखं करत होती. मीही मोबाइल काढला.

सप्टेंबरात, गणपतीच्या आधी, एका सकाळी आईने स्वयंपाकघरातून हाक मारली. पिठाचा डबा रिकामा झाला होता आणि मुलगा कामावर गेला होता. ‘जातंस?’ तिने विचारलं, आणि मी उत्तर देण्याआधीच गव्हाची पिशवी माझ्या हातात दिली. पाच किलो. मी पिशवी दंडाशी धरून उतरलो, कोपऱ्यावरच्या गिरणीत रांगेत उभा राहिलो, पिठाची ऊन पिशवी घेऊन परत आलो. पहिल्या मजल्यावर थांबलो. दुसऱ्यावर थांबलो, तिथल्या काकूंशी पावसाविषयी बोललो, काकूंना ते बहुधा कळलं असावं, कारण त्यांनी पाऊस मला लागत होता तेवढा वेळ पुरवला. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा दार उघडंच होतं. आईने पिशवीचं तोंड सोडलं, चिमूटभर पीठ घेतलं, अंगठा आणि तर्जनीत चोळलं, पुन्हा चोळलं. मी भिंतीला टेकून, ओठांचा चंबू करून श्वास सोडत होतो.

‘जाडा दळल्यान,’ ती म्हणाली. ‘परत घेवन जा.’